हिवाळ्याच्या हाती शहराची किल्ली

कॅनडातल्या क्वेबेक सिटीत दर हिवाळ्यात एक समारंभ होतो. शहराचे महापौर शहराची किल्ली एका हिममानवाच्या स्वाधीन करतात. सात फूट उंच, पांढराशुभ्र, डोक्यावर लाल लोकरी टोपी, कमरेला रंगीत विणलेला पट्टा. त्याचं नाव बोनोम. कार्निव्हल संपेपर्यंत शहरावर राज्य त्याचं. बाहेर पारा उणे पंधरा-वीस असतो आणि हजारो माणसं तान्ह्या मुलांना, म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन त्याला भेटायला रस्त्यावर उतरतात.

या समारंभाचं मोल कळायला चारशे वर्षं मागे जावं लागतं. सॅम्युएल द शाम्प्लँ या फ्रेंच दर्यावर्दीनं १६०८ साली सेंट लॉरेन्स नदीच्या काठी ही वसाहत उभारली. पहिला हिवाळा काढायला तिथे अठ्ठावीस माणसं राहिली. बर्फ वितळला तेव्हा त्यातली आठ जिवंत होती. स्कर्व्ही आणि हगवणीनं बाकीची गेली. त्याच्याही आधी, १५३५-३६ च्या हिवाळ्यात झाक कार्तिये याच परिसरात अडकला होता. त्याची पंचवीस माणसं दगावली. उरलेली वाचली ती इथल्या मूळ रहिवाशांमुळे. त्यांनी एका सूचिपर्णी झाडाच्या पाल्याचा काढा करून प्यायला शिकवला. ज्या ऋतूनं हे शहर जन्मताच संपवत आणलं होतं, त्याच ऋतूला हे शहर आज आपली किल्ली देतं. शत्रूशी असं नातं जोडायला पिढ्या लागतात. ते कसं जोडलं गेलं हे आपल्या मुलांनी आणि मोठ्यांनी एकत्र बघावं, असं मला फार वाटत होतं.

आम्ही टोरांटोला लागून असलेल्या मिसिसागात राहतो. माझं माहेर-सासर दोन्ही सोलापूरचं. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, दुपारी रस्ते ओस पडतात, अशा गावात मी वाढले. कॅनडात आल्यावर पहिली काही वर्षं हिवाळा म्हणजे गाडीपासून दारापर्यंत पळत जायचं अंतर, एवढीच माझी ओळख होती. मुलं मात्र इथलीच. ती शाळेच्या मधल्या सुट्टीत उणे दहामध्ये बर्फात लोळून येतात. घरात दोन ऋतुमानं नांदत होती, मुलांचं बाहेरचं आणि आमचं खिडकीच्या आतलं. सासूबाई आई-वडिलांसाठी असलेल्या ‘सुपर व्हिसा’वर जानेवारीत आल्या, तेव्हा त्याही आमच्याच बाजूला, हीटरजवळच्या खुर्चीत बसल्या. तेव्हाच आम्ही ठरवलं, की सगळ्यांनी मिळून क्वेबेकला जायचं. मी, नवरा, सातवीतली लेक, पहिलीतला धाकटा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई.

कपड्यांचं शास्त्र

मिसिसागाहून क्वेबेक सिटी सुमारे आठशे किलोमीटर. हिवाळ्यात हे अंतर एका दमात कापण्याचा हट्ट धरू नये. आम्ही मॉन्ट्रियलला मुक्काम करून पुढे गेलो. पण प्रवासापेक्षा खरी तयारी कपड्यांची असते.

थंडीत एकच जाडजूड कोट घालून भागत नाही. तीन थर लागतात. अंगालगत थर्मलचा थर, जो घाम शोषून बाहेर टाकतो. त्यावर लोकर किंवा फ्लीस, जी हवा धरून ठेवते आणि त्या हवेमुळे ऊब टिकते. सर्वांत वर वारा आणि ओल अडवणारं जाकीट. आपल्याला सवयीच्या सुती बनियनला इथे जागा नाही, कारण सूत घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगाची ऊब काढून घेतं. हातमोजे पाच बोटांचे घेण्यापेक्षा चार बोटं एकत्र राहतील असे घ्यावेत, म्हणजे बोटं एकमेकांना ऊब देतात. पायात लोकरी मोजे, पण बूट त्यामुळे घट्ट होता कामा नयेत. घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही आणि पाय आधी गारठतात.

सासूबाई आयुष्यभर साडीत वावरलेल्या. मी संकोचत त्यांच्यापुढे थर्मल आणि स्नोपँट ठेवली. त्यांनी ती हातात घेऊन शिवण तपासली, अस्तर चाचपलं आणि म्हणाल्या, ‘अगं, शेतात जाताना बायका साडीवर शर्ट घालतातच की. काम तसा वेश.’ बुटांना खाली दात असलेले रबरी पट्टे लावले, कारण या वयात थंडीपेक्षा निसरड्या बर्फावर पडण्याचं भय मोठं.

हवामानाच्या अंदाजात तापमानाबरोबर ‘विंड चिल’चा आकडा बघायला लेकीनं सगळ्यांना शिकवलं. पारा उणे वीस असला आणि वारा सुटला, की कातडीला तो उणे तीस वाटतो. हा आकडा उणे अठ्ठावीसच्या खाली गेला, तर उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. गाल, नाकाचा शेंडा, कानाची पाळी पांढरी पडली आणि बधिर झाली, तर तिथे चोळायचं नाही. बर्फ तर अजिबात लावायचा नाही. आत जायचं आणि उबदार हातानं किंवा कोमट पाण्यानं हळूहळू ऊब द्यायची. आम्ही घड्याळ लावून फिरलो. बाहेर थोडा वेळ, मग कुठल्या तरी दुकानात, चर्चमध्ये, कॉफीच्या ठिकाणी आत. मुलं ‘मला थंडी वाजत नाही’ म्हणतात, त्यावर विसंबू नये. त्यांच्या मोज्यांत हात घालून बघावं.

तटबंदीचं शहर आणि आपला डफरीन

क्वेबेक सिटीचा जुना भाग एका उंच कड्यावर आणि त्याच्या पायथ्याशी वसलेला आहे. वर शातो फ्रोन्तनाक हे १८९३ साली कॅनडियन पॅसिफिक रेल्वेनं बांधलेलं, हिरवट तांब्याच्या छपरांचं किल्लेवजा हॉटेल. खाली पेती-शाम्प्लँची अरुंद गल्ली, प्लास रोयालचा दगडी चौक आणि तिथलं १६८८ चं छोटंसं चर्च. दोन्ही भागांना जोडणारी, कड्यावरून चढणारी फ्युनिक्युलर गाडी १८७९ पासून आहे. जुन्या शहराभोवती साडेचार किलोमीटरहून लांब दगडी तट आहे. मेक्सिकोच्या उत्तरेला असा तट शाबूत असलेलं हे एकच शहर. १९८५ मध्ये युनेस्कोनं जुन्या क्वेबेकचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला.

हा तट आज उभा आहे, त्यामागे एक असा माणूस आहे ज्याचं नाव सोलापूरकर रोज घेतात. माझी शाळेची वाट डफरीन चौकातून जायची. नवऱ्याचा जन्म सोलापूरच्या डफरीन दवाखान्यातला. टोरांटोत आम्ही डफरीन नावाच्या रस्त्यावरून ये-जा करतो. आणि क्वेबेकच्या कड्यावर, शातोच्या समोर, नदीकडे तोंड करून पसरलेल्या लाकडी फळ्यांच्या सज्जावर पोचलो, तर पाटीवर पुन्हा डफरीन. डफरीन टेरेस.

लॉर्ड डफरीन १८७२ ते १८७८ कॅनडाचा गव्हर्नर जनरल होता. ब्रिटिश फौज १८७१ मध्ये क्वेबेक सोडून गेल्यावर तटाचा उपयोग संपला होता. वाहतुकीला अडचण होते म्हणून जुने दरवाजे पाडायला सुरुवात झाली होती. डफरीननं ते थांबवायला लावलं. तट राखायचा, दरवाजे रुंद करून पुन्हा बांधायचे, अशी योजना त्यानं मांडली. पुढे १८८४ ते १८८८ तो भारताचा व्हाइसरॉय झाला. त्याच्याच कारकिर्दीत डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसची स्थापना झाली. त्याच्या पत्नीनं भारतीय स्त्रियांना स्त्री डॉक्टरांचे उपचार मिळावेत म्हणून १८८५ मध्ये निधी उभारला आणि त्यातून ठिकठिकाणी ‘डफरीन’ दवाखाने निघाले. पण त्याच व्हाइसरॉयच्या काळात ब्रह्मदेशाचं राज्य खालसा झालं आणि राजा थिबा आपल्या रत्नागिरीला बंदी म्हणून आला. तिथेच १९१६ मध्ये वारला. एका शहराचा इतिहास जपणाऱ्या माणसानं दुसऱ्या देशाचा इतिहास खुडला. टेरेसवर उभं राहून मी हे सगळं लेकीला सांगितलं. तिच्या शाळेच्या पुस्तकात कॅनडाचा इतिहास वेगळा आणि आजीच्या गोष्टींत सोलापूरचा वेगळा. दोन्ही एकाच साम्राज्याच्या दोऱ्यानं बांधलेले आहेत, हे तिला त्या लाकडी फळ्यांवर उभं राहून समजलं.

याच टेरेसवर हिवाळ्यात टोबॉगनची उंच घसरण उभी राहते. १८८४ पासूनची ही परंपरा. लाकडी लांबट घसरगाडीवर एकामागे एक बसायचं आणि वरून सुटायचं. वेग ताशी सत्तर किलोमीटरपर्यंत जातो. नवरा आणि दोन्ही मुलं गेली. धाकटा मधे, पुढे-मागे मोठी. खाली येईपर्यंत त्याचा आवाज फुटला नाही आणि खाली आल्यावर तो थांबेना.

कार्निव्हल का सुरू झाला

कार्निव्हलचं मूळ कॅथलिक पंचांगात आहे. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ येतो. त्याआधी खाऊन-पिऊन, नाचून-गाऊन घ्यायचं, ही युरोपातली जुनी रीत. पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यात आली आणि फ्रेंचांबरोबर क्वेबेकला गेली. पणजीत किंग मोमो राज्य हाती घेतो आणि लोकांना मजा करण्याचा हुकूम देतो. क्वेबेकमध्ये बोनोम किल्ली घेतो. एकाच मुळाच्या या दोन फांद्या. एक समुद्राच्या दमट हवेत वाढली, दुसरी बर्फात.

क्वेबेक सिटीत मोठा हिवाळी कार्निव्हल पहिल्यांदा १८९४ मध्ये भरला. त्या वेळी शहराची परिस्थिती खालावली होती. व्यापार मॉन्ट्रियलकडे सरकला होता, राजधानी ओटावाला गेली होती, हिवाळ्यात नदी गोठली की बंदर थंडावायचं. लोकांना उभारी द्यावी, पाहुणे यावेत, म्हणून ही कल्पना निघाली. पुढे महायुद्धं आणि मंदीमुळे त्यात खंड पडत गेला. १९५५ मध्ये शहरातल्या व्यापारी मंडळींनी कार्निव्हल नव्यानं उभा केला आणि त्याबरोबर बोनोमही आला. पूर्वी तो अडीच-तीन आठवडे चालायचा, अलीकडे फेब्रुवारीच्या आसपास साधारण दहा दिवस असतो. प्रवेशासाठी जाकिटाला लावायची बोनोमची छोटी प्रतिमा विकत घ्यावी लागते. धाकट्यानं ती छातीवर लावली आणि नंतर झोपतानाही काढू दिली नाही.

क्वेबेक प्रांताच्या पार्लमेंटच्या इमारतीसमोर बर्फाच्या लाद्यांनी बांधलेला बोनोमचा राजवाडा असतो. रात्री आतून रंगीत दिवे लागले की भिंती उजळतात. शिल्पकारांचं काम मात्र हिमात चालतं. मोठ्या लाकडी साच्यांत हिम भरून, तुडवून घट्ट ठोकळे केलेले असतात. शिल्पकारांच्या चमू करवती, फावडी, किसण्या घेऊन हातानं त्यातून आकार काढतात. तुकडा जोडायचा तर पाणी आणि हिमाचा गारा लावायचा. तो मिनिटांत गोठतो. ऊन पडणाऱ्या बाजूचा भाग आधी झिजतो, म्हणून नाजूक काम सावलीच्या बाजूला ठेवतात. लेक एका चमूपाशी तासभर उभी होती. आमच्या ओंटारिओ प्रांतातल्या शाळांत चौथीपासून फ्रेंच शिकवतात. वर्गात तिला कंटाळवाणी वाटणारी ती भाषा इथे उपयोगी पडली. आमच्या सगळ्यांची दुभाषी तीच झाली.

सासूबाई रमल्या त्या वेगळ्याच ठिकाणी. बोनोमच्या कमरेला असतो तो बाणांच्या नक्षीचा लोकरी पट्टा. पूर्वी फरचा व्यापार करणारे नावाडी तो कोटावरून आवळून बांधायचे, म्हणजे वारा आत शिरत नसे आणि पाठीलाही आधार मिळे. हा पट्टा मागावर विणत नाहीत. ताणे एका टोकाला बांधून निव्वळ बोटांनी, एकातून एक दोरा ओवत विणतात. एका उबदार तंबूत एक वयस्कर बाई तो विणत बसल्या होत्या. सासूबाईंच्या माहेरी हातमाग होते. सोलापुरी चादरीचा ताणा-बाणा त्यांनी लहानपणापासून पाहिलेला. त्या बाईंच्या समोरच्या बाकावर बसल्या, बोट पुढे करून म्हणाल्या, ‘यांना विचार, हा लाल दोरा उलटा का फिरवतात?’ लेकीनं विचारलं. बाईंनी तो भाग उसवून पुन्हा विणून दाखवला. मग बराच वेळ भाषांतराची गरज पडली नाही. निघताना सासूबाई म्हणाल्या, ‘मागाशिवाय एवढी सरळ नक्षी बसते, ही मोठी हातोटी आहे.’ विणकराच्या लेकीनं दिलेली ही दाद मला फार मोठी वाटली.

गोठलेली नदी ओलांडणारे

कार्निव्हलमध्ये एकच गोष्ट बघायला वेळ असेल, तर नदीवरची होड्यांची शर्यत बघावी.

क्वेबेक सिटी आणि पलीकडच्या काठावरचं लेव्ही यांच्या मधे सेंट लॉरेन्स नदी आहे. समुद्र दूर असूनही इथे भरती-ओहोटी येते. त्यामुळे हिवाळ्यात नदी सगळीच्या सगळी गोठून पक्की होत नाही. बर्फाचे प्रचंड तुकडे प्रवाहाबरोबर खाली-वर वाहत राहतात. चालत जाता येत नाही आणि नुसतं वल्हवूनही जाता येत नाही. रेल्वे १८५४ मध्ये लेव्हीला पोचली, पण क्वेबेकचा पूल १९१७ मध्ये पुरा झाला आणि तोही बांधताना दोनदा कोसळून. बर्फ फोडत जाणाऱ्या दमदार बोटी नव्हत्या त्या काळात टपाल, औषधं आणि माणसं ओलांडून नेणारे नावाडी होते. बर्फ आला की उतरून होडी ढकलायची, पाणी आलं की उडी मारून आत बसायचं आणि वल्हवायचं. मूळ रहिवाशांच्या होड्यांचं ज्ञान आणि फ्रेंच वसाहतवाल्यांची गरज यांतून ही रीत घडली.

आज त्याच कामाची शर्यत होते. एका होडीत पाच जण. होडी शंभर किलोंच्या वर भरते. बर्फाच्या तुकड्यावर आले की एक पाय होडीत आणि दुसऱ्या, खिळ्यांच्या बुटातल्या पायानं मागे रेटत ते पुढे सरकतात. तुकडा संपला की सगळे एका क्षणी आत. कोणी अर्धा सेकंद चुकला तर पाण्यात. भरती कुठल्या वेळी फिरेल, कुठला तुकडा कुठे वाहून नेईल, हे ओळखणाऱ्याचीच होडी आधी पोचते. ताकदीपेक्षा नदीची जाण मोठी. क्वेबेक सरकारनं २०१४ मध्ये या प्रथेला अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली.

आम्ही जुन्या बंदराजवळ गर्दीत उभे होतो. एक होडी दोन तुकड्यांच्या फटीत अडकली. पाचही जण बर्फावर उतरले, एकानं काही ओरडून सांगितलं आणि एका लयीत त्यांनी होडी उचलून वर घेतली. शेजारचे लोक टाळ्या वाजवत होते, आणि त्या टाळ्या जिंकणाऱ्यांसाठी नव्हत्या. लेक म्हणाली, ‘म्हणजे पूर्वी पत्र आणायला ही माणसं जीव धोक्यात घालायची?’ हो, तेवढ्यासाठीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही लेव्हीला जाणाऱ्या फेरीबोटीनं नदी ओलांडली. दहा-बारा मिनिटांचा प्रवास. बोटीखाली बर्फ फुटत जातो, त्याचा आवाज ऐकू येतो आणि मागे वळून पाहिलं की कड्यावरचं शहर अख्खं दिसतं. आत बसायला उबदार जागा असल्यामुळे वयस्कर माणसांना घेऊन जायला याहून सोयीची सहल नाही.

खाणं

थंडीत शरीर ऊब टिकवायला जास्त इंधन जाळतं, म्हणून भूक वारंवार लागते. क्वेबेकचं हिवाळी खाणं त्या हिशेबानंच आहे. तळलेल्या बटाट्यावर चीजचे ताजे गोळे आणि गरम रस्सा घातलेलं पुतीन, पिवळ्या वाटाण्याचं सूप, मांस भरून भाजलेली पेस्ट्री. शाकाहारी माणसांनी इथे विचारून खावं. वाटाण्याच्या सुपात बहुधा डुकराचं मांस असतं आणि पुतीनचा रस्साही मांसाचा असू शकतो. काही ठिकाणी शाकाहारी रस्सा मिळतो, मागावा लागतो. सासूबाईंनी सोलापूरहून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी त्या सहलीत किती कामी आली, हे सांगायला नको. भाकरी गोठत नाही, सांडत नाही आणि पोटाला आधार देते.

पण मेपलची ‘तीर’ मात्र सगळ्यांनी खाल्ली. मेपलच्या झाडाचा रस आटवून पाक करतात. साधारण चाळीस लिटर रसातून एक लिटर पाक निघतो. तो आणखी उकळून घट्ट झाला, की लाकडी द्रोणात दाबून भरलेल्या स्वच्छ हिमावर त्याची धार सोडतात. क्षणात तो लवचिक होतो, मग काडीवर गुंडाळून खायचा. हे ज्ञानही मूळ रहिवाशांचंच. टोबॉगन, बर्फात चालायचे जाळीदार जोडे, झाडाचा गोड रस, सगळं त्यांच्याकडून आलेलं. या शहराला हिवाळ्यात जगायला शिकवणाऱ्यांचं हे ऋण आपल्या मुलांना सांगितलंच पाहिजे. शहराजवळच वेंडाके इथे ह्युरॉन-वेंडाट लोकांची वस्ती आहे. जमल्यास तिथेही जावं.

रात्रीची मिरवणूक

शनिवारी रात्री मिरवणूक निघते. ग्रांद आले या रुंद रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं दाटीनं उभी असतात. मुलांच्या हातात लांब लाल प्लास्टिकच्या पिपाण्या. लहान मुलांना घसरगाडीत ब्लँकेटांत गुंडाळून बसवलेलं. बँड, दिव्यांचे चित्ररथ, नाचणारे, उंच काठ्यांवर चालणारे आणि शेवटी बोनोम, पाय उंच फेकून त्याचा ठरलेला सलाम करत.

सोलापूरच्या माणसाला त्या रात्री गड्डा आठवणं अटळ आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी ते पेलत चालतात आणि गाव दोन्ही बाजूंना उभं राहतं. नंदीध्वज पेलणं वर्षभराच्या सरावाचं काम, आणि ते पेलणारे आपल्याच गल्लीतले असतात. क्वेबेकमध्ये मला तेच दिसलं. चित्ररथावरून हात हलवणाऱ्याला खालचे लोक नावानं हाक मारत होते. गरम चॉकलेट देणारे, रस्ता अडवणारे, हरवलेलं मूल उचलून घेणारे बरेचसे स्वयंसेवक होते. पाहुण्यांसाठी मांडलेला देखावा आणि गावानं स्वतःसाठी केलेला उत्सव यांतला फरक अशा ठिकाणी अंगाला जाणवतो. सासूबाईंच्या शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी आजोबांनी आपली घडीची खुर्ची उघडून त्यांना दिली आणि स्वतः तासभर उभे राहिले. बोनोम समोरून गेला तेव्हा धाकट्यानं पिपाणी आजीच्या हातात दिली. त्यांनी ती जोरात वाजवली.

हॉटेलवर परतताना त्या म्हणाल्या, ‘इथली थंडी वाईट नाही. तिला एकट्यानं तोंड द्यायला लागलं तर ती वाईट.’ मला वाटतं, क्वेबेकच्या कार्निव्हलचं सगळं तत्त्व त्यांनी सांगितलं. १६०८ च्या त्या माणसांकडे कपडे अपुरे होते, अन्न अपुरं होतं आणि सोबत तुटपुंजी होती. पुढच्या पिढ्यांनी शेजाऱ्यांकडून शिकून कपडे केले, अन्न साठवलं आणि भर हिवाळ्यात एकमेकांना भेटायचं निमित्त काढलं.

जाणाऱ्यांसाठी

राहायची जागा काही महिने आधी ठरवा आणि जुन्या तटाच्या आत किंवा चालत जाता येईल अशी घ्या, म्हणजे मुलांना दुपारी झोपवता येतं आणि मोठ्यांना विश्रांती मिळते. शर्यतीची आणि मिरवणुकीची वेळ आधी बघून बाकीचा दिवस मोकळा ठेवा. अलीकडे काही वर्षी मधेच पाऊस पडून कार्यक्रम बदलतात, तेव्हा एक दिवस हाताशी जादा असू द्या. फोन अंगालगतच्या खिशात ठेवा, कारण थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं आणि औषधं सामानाच्या तळाशी न ठेवता जवळ बाळगावीत. फ्रेंच येत नसलं तरी ‘बोंझूर’ आणि ‘मेर्सी’ म्हणा. आपली भाषा इंग्रजीच्या समुद्रात जपणाऱ्या लोकांना त्या दोन शब्दांचं मोल असतं आणि मराठी माणसाला ते सांगावं लागू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचं. परदेशात राहणाऱ्या आपल्या घरांत आई-वडिलांना नेहमी उन्हाळ्यात बोलावलं जातं. त्यांना त्रास होऊ नये, हाच हेतू असतो. पण ज्या ऋतूत आपण निम्मं वर्ष काढतो, ज्यात आपली मुलं वाढतात, तो ऋतू त्यांनी पाहिलाच नाही, तर आपलं इथलं आयुष्य त्यांना अर्धंच कळतं. तब्येत साथ देत असेल तर त्यांना एकदा हिवाळ्यात बोलवा. नीट कपडे घाला आणि सगळे मिळून बाहेर पडा.